बारा घरं आणि एक सही

घरं बांधायला निघालं की घरं कमी आणि किस्सेच जास्त उभे राहतात, हे मी अनुभवानं सांगतो. स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. जुन्नरला आम्ही स्वस्त घरांची संस्था काढली. नफा घ्यायचा नाही, आणि गरिबाला डोईजड न होता पक्कं छप्पर द्यायचं, असा बेत. घरं बारा, आणि वर्षं लागली चार! अध्यक्ष गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले आणि खरं बोलायची वाईट खोड असलेले. बांधकाम गफूरमिस्त्रींकडे. मी मानद चिटणीस. मानद म्हणजे काय, तर शिव्या मिळतात, पगार मिळत नाही.

* * *

पहिलं काम जमीन. वेशीबाहेरचा तुकडा आळ्याच्या एका बागाईतदाराचा होता. मी आणि गुरुजी तीनदा आळ्याला गेलो. दर वेळी चहा, आणि दर वेळी तोच प्रश्न.

"ह्याच्यात तुमाला काय मिळनार?"

"काही नाही."

"मग काय तरी काळंबेरं हाय, राव! उगं कोन कशाला उन्हातान्हात फिरंल?"

चौथ्यांदा मी एकटाच गेलो. वैतागलो होतो. म्हटलं, "पाव्हणं, कुणाला सांगू नका. गुरुजी त्यातलं एक घर गुपचूप लाटणार आहेत."

"आसं सरळ बोला की!" बागाईतदार म्हणाले आणि त्याच आठवड्यात जमीन दिली. भावही कमी केला.

गुरुजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

मग अर्ज आले. त्यातला एक सखूचा. मूळची मढची, जुन्नरात एका गोठ्याच्या कडेला दोन पोरींना घेऊन राहायची आणि आमच्याच बांधकामावर विटा वाहायची. संस्थेला सरकारी कर्ज होतं, म्हणून अर्जाला दाखला लागे, की अर्जदाराला स्वतःचं घर नाही. सखूला घेऊन मी तलाठ्याकडे गेलो.

तलाठी म्हणाला, "उतारा असलेल्या घराचा असतो. नसलेल्याचा कुठून काढू? आधी घर दाखवा, मग ते तुमचं नाही असं लिहून देतो!"

आम्ही गोठा दाखवला. त्यानं नीट बघून लिहिलं, "राहणार: दोन म्हशी, एक बाई, दोन मुली."

मी वाचून दाखवलं. सखू म्हणाली, "भाऊसाहेब, म्हशी आधी का?"

"त्या मालकाच्या आहेत," तलाठी म्हणाला.

दाखला मिळाला, पण अर्जावर नवऱ्याची सही पाहिजे होती. सखूचा नवरा सात वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो गेलाच. पत्र नाही, पत्ता नाही. वरून उत्तर आलं, सही आणा नाहीतर मृत्यूचा दाखला आणा. नाहीतर घर विसरा. मी सहा अर्ज केले. सहा वेळा तेच उत्तर आलं. खरं सांगतो, सखू समोरून येताना दिसली की मी गल्ली बदलायचो. लाज वाटायची.

* * *

मध्येच छपराचं लाकूड आणि कौलं दोन्ही संपलं. कुणीतरी सांगितलं, आहुप्याच्या देवराईत एकेक झाड असं आहे की बारा छपरं निघतील. घोडेगावपर्यंत एस.टी., पुढं पाय. पोचलो तेव्हा गुरुजींना बोलवत नव्हतं.

तिथला म्हातारा पुजारी म्हणाला, "ह्या रानातलं वाळलं पानबी देवाचं हाय. माझ्या हातात काय न्हाई. कौल लावू." देवाच्या दगडाला दोन फुलं चिकटवली. आम्ही तासभर बघत बसलो. डावं पडलं. नाही म्हणजे नाही! म्हाताऱ्यानं पोटभर नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

गफूरमिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावला. "गुरुजी, मी लाकडासंगं छपराला कौलं बघा म्हणलं व्हतं. तुमी कौल घ्यायला गेला व्हय!"

* * *

नकाशा पुण्याच्या एका इंजिनिअरनं फुकट काढून दिला होता. फुकटच तो! चार घरांची दारं दक्षिणेला. ती कोणी घेईना. गुरुजींनी सभा बोलावली आणि दिशांना काही अर्थ नसतो हे दीड तास समजावलं. सगळे माना डोलवत होते. "खरं हाय, लई खरं हाय."

शेवटी एकजण उठला. "गुरुजी, शंभर टक्के पटलं. पन आमचं दार पूर्वेला ठेवा."

गुरुजी मटकन खाली बसले. तेवढ्यात मागून सखू बोलली, "मला द्या की दक्षिनेचं. यम येनार तो रेड्यावरूनच ना? म्हशींतच दिस काढल्यात मी!"

सभा हसली. गुरुजीही हसले. मग हळूच म्हणाले, "सखू, सहीचं काय झालं गं?" ती मान फिरवून निघून गेली.

* * *

घरं पुरी झाली. शेवटच्या यादीसाठी पुण्याहून सरकारी साहेब आले. मला बजावलं, अपुरा अर्ज असेल तर ते घर दुसऱ्याला द्या. सखूला समोर बोलावलं.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"मी."

"नवरा हयात असताना?"

"साहेब, परमुख व्हायला आधी कुटुंबात ऱ्हावं लागतं न्हवं?"

साहेबांनी अर्ज उलटून पालटून पाहिला. माझे सहा अर्ज पाहिले. चष्मा पुसला. मग मला म्हणाले, "लिहा. कुटुंबप्रमुख, सखूबाई." मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं. यादीत आजही ते नाव सगळ्यात ठळक दिसतं.

घरात शिरायच्या दिवशी बायकांनी प्रत्येक दार अडवलं. नाव घ्या, मगच आत! अकरा दारांशी अकरा जणींनी लाजत, मुरडत नवऱ्याचं नाव घेतलं. हसता हसता घोळका बाराव्या दाराशी गेला, सवयीनं आडवा झाला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, हे सखूचं दार.

एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. जा, जा तू आत."

सखू हलली नाही. "का? माझं दार अडवायचं न्हाई व्हय?"

तिनं दोन्ही पोरींचे हात धरले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"इटा वाहिल्या डोईवर, गारा तुडवला पायी,
सखूचं नाव घेते, दुसऱ्या कुनाचं न्हाई!"