खाड्याची गोळी

सानिका, मिहिर,

परवा तुम्ही दोघांनी तिकडे लांब बसून माझ्या फोनमध्ये गोळ्यांची आठवण करून देणारं अॅप घातलंत. ते रोज सकाळी टिंग करतं आणि विचारतं, "गोळी घेतली का?" मी "हो" दाबते. ते लगेच खूश होतं. इतक्या सहज विश्वास ठेवून बारामतीत मेडिकल चालवता येत नाही. तुमच्या अॅपला थोडं शहाणपण यावं म्हणून शालनची हकीकत आत्ताच लिहून ठेवते. दुकान विकायच्या दोनेक वर्षं आधीची आहे.

गुरुवार होता, म्हणजे बारामतीच्या बाजाराचा दिवस. काउंटरवर गर्दी होती. अंथुर्ण्याची शालन आणि तिचा नवरा भानुदासतात्या आले. त्यांची थोडी बागायत. मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवायची आणि बाजारात बसून विकायची. शालनला संधिवात. वय झाल्यावर गुडघे कुरकुरतात तो नव्हे. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, बोटं सुजतात, आणि वेळेवर आवरलं नाही तर वाकडी होतात. तिला मेथीची जुडी बांधता येईना, तेव्हा आमच्या समोरच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला औषध सुरू केलं होतं.

"ताई, तोंड आलंय," शालन म्हणाली. "जिबंला लावायला काय तरी द्या. भाकर जाईना."

"आन तिच्या वाताच्या गोळ्या जरा सवंग बगा," तात्या म्हणाले. "ह्या गोळ्यांनी घाईला आनलंय."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. मेथोट्रेक्सेट. मी चष्मा सारखा केला.

"तात्या, या आजाराच्या औषधांत याहून स्वस्त गोळी मिळायची नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची. चहाला याहून जास्त खर्च होतो तुमचा."

"मंग सारकी संपती कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी तोंडाच्या मलमाकडे गेलेला हात मागे घेतला.

"शालन, गोळी कधी घेतेस?"

"डाक्टरनी सांगितल्यालं. बाजारच्या दिवशी."

हे डॉक्टर हुशार. आठवड्याच्या गोळीचा वार लोक विसरतात, म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. ऊसवाल्या मंडळींना ती चांगली लागू पडली होती, आणि डॉक्टर मला ती दर महिन्याला नव्याने सांगत.

"म्हणजे आज घेतलीस?"

"व्हय. सकाळीच."

"त्याच्या आधी?"

"परवा. परवा बी बाजार व्हता की."

"कुठला?"

शालनने बोटं मोजायला घेतली. ती नीट मिटत नव्हती, म्हणून अंगठा नुसता टेकवत गेली. आज बारामती. रविवारी इंदापूर. मधल्या गावांचे आणखी दोन. ऊसवाल्याच्या घरी आठवड्याला एक बाजार असतो. भाजीवालीच्या घरी चार.

"डाक्टर लई हुशार," ती म्हणाली. "हात बाजारालाच लागत्यात. घरी कशाला गोळी खर्च करायची?"

आणि गोळ्या संपल्या की ज्या गावचा बाजार, तिथल्या मेडिकलमधून नवी स्ट्रिप. त्यामुळे कोणत्याच दुकानदाराला काही खटकलं नव्हतं.

"रक्ताची तपासणी कधी केलीस?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. या गोळीबरोबर ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. रक्तातल्या पेशी कमी होत नाहीत ना, लिव्हर आणि किडनी ठीक आहेत ना, एवढंच बघायचं असतं. पण तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग.

"म्हशीपरीस दाव्यालाच जास्त पैसं," तात्या म्हणाले. "म्हनलं, र्‍हाऊ द्या."

"मलम मिळणार नाही. समोर दवाखान्यात जायचं. आत्ता."

"आत्ता?" शालन हसली. "ताई, माल उनात हाय. सांजच्याला बगू."

"सांजच्यालाही नाही, उद्याही नाही. आत्ता."

"मलम न्हाय देत तर दुसऱ्या मेडिकलातनं घेऊ. चला वो."

ती खरंच पायरी उतरली. तोंड आलंय म्हणजे आत पेशी मरायला लागल्या असणार, हे मला कळत होतं. तिला ते जिभेवरचे फोड वाटत होते. तसं पाठवलं असतं तर मलम लावून ती रविवारी इंदापुरात पुढची गोळी घेणार होती. मी तात्यांना हाक मारली.

"तात्या, तणनाशक मारता ना? एका पंपाला जेवढं लागतं त्याच्या चौपट घातलं तर?"

"घातलं तर? तनासंगं पीक बी जळंल."

"तेच चाललंय तिच्या पोटात. तोंडापासून सुरुवात झाली आहे."

 तात्या पायरी उतरले आणि शालनच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मेथी वाळंल की वो!" ती म्हणाली.

"वाळू दे."

मी दुकान देवाच्या भरवशावर सोडलं आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडला. रिपोर्ट तासाभरात आला. लिव्हर ठीक होतं, किडनी ठीक होती. पण संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. साधा ताप आला असता तरी निभावणं अवघड होतं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, तिला ॲडमिट केलं आणि उताऱ्याचं इंजेक्शन सुरू केलं. मग ते बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले.

"काकू, मी 'आठवड्यातून एकदा' म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. एकदाच. 'बाजार' मात्र तुम्ही तीनदा म्हणालात."

 युक्तीचं कौतुक त्यानंतर मला पुन्हा ऐकावं लागलं नाही.

पुढचे काही दिवस रोज रक्त तपासलं. पहिल्या दोन रिपोर्टांत आकडा हललाच नाही आणि तात्यांनी माझ्याशी विनोद करायचं थांबवलं, त्यावरून मी काय ते समजले. मग आकडा वर सरकला. शालन शुद्धीवर तर होतीच, आता भांडणावर आली. तात्या एकटेच बाजारात बसत होते, आणि रोज ती कॉटवरून हिशेब विचारायची.

"येवढ्या मोठ्या जुड्या बांदल्या? तुमाला काय वाटतं, म्हशीला घालायच्यात?"

"तुज्यावानी बांदाया मला कुटं येतंय," तात्या म्हणाले. "तू ये लवकर."

त्यांच्या लग्नात याहून गोड बोलणं मी तरी ऐकलं नाही.

घरी सोडताना तात्यांनी बिल बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"तपासनी केली असती तर ह्ये आदीच कळलं असतं?"

"हो."

"मंग सांगायचं न्हवं!"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही दाव्याची किंमत काढलीत."

काही आठवड्यांनी पेशी पूर्ण सावरल्या आणि डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायची ठरवली. आता वार ठरवायचा होता. मी विचारलं, "शालन, बाजाराला खाडा कोणत्या वारी असतो?"

"बुधवारी. बाकी दिशी बाजार नसला तर दुसरी कामं आस्त्यात. त्या दिशी कुटंच जायचं नसतं."

"मग गोळी बुधवारी. फक्त बुधवारी."

"घरी बसून गोळी? मंग हातांला उपेग काय?"

डॉक्टरांनी समजावलं. ही दुखणं मारायची गोळी नाही. हळूहळू काम करते आणि आठवडाभर पुरते. शालनने थोडा विचार केला.

"म्हंजी शेनखत. युरिया न्हवं."

डॉक्टर "हो" म्हणाले. आता हेच ते इतरांना सांगतात.

वर्षभराने लोणी देवकरच्या कारखान्यात काम करणारा एक जण आला आणि म्हणाला, "ताई, ती खाड्याची गोळी द्या." शालनने बाजारात नाव पसरवलं होतं. मी विचारलं, "तुमचा खाडा कोणत्या वारी?" तो म्हणाला, "सायबाच्या मनावर हाय." त्याच्या पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत 'सोमवार' लिहिलं आणि त्याच्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला.

धडा एवढाच. "घेतली का?" हे कोणीही विचारतं. "कोणत्या वारी?" हे विचारावं लागतं. तुमच्या अॅपला शिकवता आलं तर बघा.

शालनची दोन बोटं वाकडीच राहिली. जुडी बांधते. चारही बाजार अजून करते, आणि रक्ताची तपासणी चुकवत नाही. दुकान आता दुसऱ्याचं आहे, पण तिथे अजून लोक खाड्याची गोळी मागतात, आणि देणारा आधी वार विचारतो.