शिवेवरची खुर्ची

सुंदरम्मा,
तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू फोनवर हसलीस. म्हणालीस, आयुष्यभर नकाशे टांगले आणि उतरवले, त्यात लिहायचं काय? मला हे मुळीच पटलेलं नाही. तेव्हा गप्प बैस आणि वाच. चूक असेल ती शेवटी सांग, मधे बोलू नकोस. ती खोड तुला कॉलेजपासून आहे.

तर सुंदरम्मा सोलापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. माहेर अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाला अगदी खेटून. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि भांडायला दोन्ही. देश कशाला म्हणायचं, राज्य कशाला, सीमा कोण ठरवतं, हा धडा आला की तिला चेव चढे. नदी, डोंगर ही निसर्गानं आखलेली सीमा; फूटपट्टीनं नकाशावर ओढलेली ती माणसाची. पहिलीवर तिचा जीव होता, दुसरीवर राग. फूटपट्टीची रेघ एखाद्याच्या गोठ्यातून जाते आणि म्हैस एका राज्यात, वैरण दुसऱ्या राज्यात पडते, असं ती सांगे, आणि पोरी खिदळत.

तिचा भाऊ सिद्रामप्पा गावी शेती करतो. त्याची मुलगी दानेश्वरी शिकायला म्हणून सोलापुरात आत्याकडे आली आणि आत्याचीच होऊन गेली. शिकून एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर लागली. त्याच दवाखान्यात एक्स-रे काढणारा अनिलकुमार तिला आवडला. पोरगा निघाला ओढ्यापलीकडच्या गावचा. जात तीच, देव तोच, पण राज्य कर्नाटक. सिद्रामप्पानं पाय आपटले. "पोरगी परक्या राज्यात द्यायची व्हय?"

सुंदरम्मा एसटीनं गावी गेली आणि ओसरीत बसून तिनं भावाची शिकवणीच घेतली. राज्य बदललं म्हणून देश बदलत नाही. त्यांच्या देवळातली घंटा तुझ्या गोठ्यात ऐकू येते, तुझी बायको त्यांच्या चक्कीतून दळण आणते, मग परकं काय राहिलं? रेशनकार्ड? दोन दिवस हे ऐकून सिद्रामप्पा थकला आणि हो म्हणाला. मात्र उद्या काही बिनसलं तर तुझ्या अंगावर येईल, हेही त्यानं बजावलं. लग्न सुंदरम्माच्या भरवशावर ठरलं.

आता आमच्याकडे सीमांतपूजन असतं. नवरदेव गावाच्या शिवेवर थांबतो. मुलीकडचे वाजतगाजत जातात, पाय धुतात, कुंकू लावतात, नारळ देतात, मग तो शीव ओलांडतो. बोलावल्याशिवाय तो आत येत नाही, आणि मुलीकडचे शिवेबाहेर जाऊन त्याला आणत नाहीत. शीव म्हणजे ओढ्यावरचा पूल, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. पण अलीकडे नवा रस्ता झाला आणि महाराष्ट्राच्या स्वागताची मोठी पाटी कुणीतरी ओढ्याच्या पार पलीकडे, त्यांच्या अंगाला ठोकली. मधे तीन-चार शेतं.

लग्नाच्या दिवशी मुलीकडचे पुलावर उभे, नवरदेव पाटीखाली उभा. नवऱ्याचे काका शिवयोगी भारी हट्टी. त्यांनी फोनवर सांगितलं, की सरकारी पाटी समोर आहे, पलीकडे महाराष्ट्र, न बोलावता आम्ही पाऊल टाकणार नाही. सुंदरम्मानं उत्तर दिलं, की ओढा ही सीमा आहे, पाटी नव्हे. ओढ्यापलीकडची शेतं तुमच्या गावची, तिथं येऊन तुम्हाला आणलं तर आमची शोभा होईल. पोरींना शिकवलं तसंच ती काकांना शिकवू लागली, आणि काका काही सहावीतली पोर नव्हेत. ते म्हणाले, अक्षतांची वेळ टळली तर वऱ्हाड माघारी नेतो.

ऊन चढलं. वाजंत्र्यांनी ताशे खाली ठेवले. सिद्रामप्पा बहिणीकडे असा बघत होता की तिनं पुलाच्या कठड्याकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात मांडवातून दानेश्वरीचा फोन आला.

"अत्ती, तुमचा तास संपला की सांगा. मी नवरी हाय, उपाशी हाय, आणि मला हाच नवरा पायजे."

अत्ती म्हणजे आत्या. आत्यानं फोन पदरात खोचला, केटररची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, आणि दुखरे गुडघे घेऊन एकटीच रस्त्यानं चालू लागली. पूल आणि पाटी यांच्या बरोबर मध्यावर तिनं खुर्ची मांडली आणि छत्री उघडून बसली. ना या बाजूची, ना त्या.

मागून अक्कलकोटची एसटी आली, समोरून उसाचा ट्रॅक्टर. दोन्ही थांबले. एसटीचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ मावशी, रस्ता हाय ह्यो, दिवाणखाना न्हाय."

"रस्ता पुढं आहे. हितं सध्या शीव आहे," सुंदरम्मा म्हणाली. "लग्न आहे. नारळ फुटला की उठते."

मग काय! एसटीतल्या बायका खाली उतरल्या. भर उन्हात म्हातारी रस्त्यात बसली आहे आणि दोन्हीकडचे पुरुष मिशा सांभाळत उभे आहेत, हे त्यांना बघवेना. त्यांनी दोन्हीकडच्यांना असे टोमणे मारले की इकडून सिद्रामप्पा तांब्या घेऊन निघाला, तिकडून शिवयोगी नवरदेवाला घेऊन निघाले. खुर्चीपाशी येऊन काका घाम पुसत म्हणाले, "बाई, ही जागा नेमकी कुणाची?"

"माझ्या खुर्चीची. बर्री, या."

काका हसले, आणि तिथं सगळं सुटलं. एसटीतल्या एका बाईनं कुंकू लावलं, ट्रॅक्टरवाल्यानं नवरदेवाच्या हातात अख्खा ऊस दिला, नारळ फुटला. मांडवात लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींनी मनगटावरच्या घड्याळाकडे न बघता अक्षता टाकायला सांगितलं.

पंगतीत हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तूप पडत असतानाच काकांनी पुन्हा विषय काढला. पाटीच खरी, म्हणाले. सुंदरम्मा म्हणाली, ओढाच. तेव्हा पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की सीमेचा जुना दगड वेड्या बाभळीच्या रानात कुठंतरी पडून आहे, तो बघा म्हणजे मिटेल. आता दर सणाला सुंदरम्मा माहेरी आली की काका व्याह्यांच्या घरी फोन करतात, आणि सिद्रामप्पाशी दोन शब्द बोलून सुंदरम्मालाच मागतात. अर्धा तास भांडण चालतं. दानेश्वरी म्हणते, माझी चौकशी शेवटच्या मिनिटाला होते.

सुंदरम्मा, तो दगड आपण दोघींनी जाऊन बघायचा, असं तू त्याच आठवड्यात ठरवलंस. मी काट्यांसाठी जाड बूटही घेतले. एकदा तुझे गुडघे, एकदा माझा मोतीबिंदू, एकदा एसटीचा संप. गेल्या महिन्यात काहीच आडवं आलं नव्हतं. तरी तू म्हणालीस, एवढी काय घाई, सणाला काकांचा फोन यायचाय, आणि मीही पिशवी खाली ठेवली.