शिसवी टेबलाचे खण
पॉलिशचा वास आला की वडिलांनी देवळाली कॅम्पातल्या लिलावातून आणलेलं शिसवी टेबल आठवतं. त्यांच्या हयातीत आम्ही पोरांनी त्याला हात लावायची सोय नव्हती. ते गेले आणि आईने बोलणंच टाकलं. दिवसकार्य उरकल्यावर मी कागद शोधायला बसलो. डावा खण आत लोटला, तर उजवा आपोआप बाहेर आला. मी, घरातला शहाणा, चक्क हात जोडले, "बाबा, काही राहिलं का?" मागे आई हसली. "वेड्या, हवा आहे ती! खण इतके नेमके बसवलेत, की एकातली हवा दुसऱ्याला ढकलते. नव्या नवरीला त्यांनी हीच जादू दाखवली होती." मग तिने उजवा लोटला, डावा बाहेर आला. हसता हसता ती रडायला लागली, तरी खण लोटतच राहिली. टेबल विकायचं का, असं हल्ली मुलं विचारतात; मी बहिऱ्याचं सोंग घेतो.