सुटी केबल, हिरवा दिवा

"बाबा, लिंक लागली," माझी लेक सुनंदा म्हणाली. ती बनवत असलेल्या नेटवर्कच्या सर्किट बोर्डावर हिरवा दिवा जळत होता, पण केबल तर टेबलावर सुटीच पडली होती. मी जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडल्या, मला फसवते!

"तपासण्यापुरतं सेटिंग आहे. चिप स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवते, म्हणून केबलशिवायही दिवा लागतो," ती म्हणाली.

दोन वर्षं हीच दर रविवारी सांगायची, "दादा फोनवर तुमची चौकशी करत होता." पोराचं कौतुक मी गावभर मिरवायचो. काल कळलं, त्याचा फोन कधी आलाच नव्हता. तिच्यापेक्षा हवं तेच ऐकणाऱ्या माझ्या कानांचाच राग येतो.

"काढ ते सेटिंग," मी म्हणालो.

दिवा विझला. "केबल लावू, बाबा?"

"पलीकडे कोणी आहे का, ते आधी बघ."