ताडपत्रीखालचं शेवाळ

शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि घरी त्याचा तोरा मिरवतो. मुकुटबनजवळ आमच्या शेतात एक छोटं शेततळं आहे, काठापर्यंत प्लास्टिक अंथरलेलं. गेल्या उन्हाळ्यात त्यात इतकं शेवाळ माजलं, की ठिबकच्या नळ्या सारख्या तुंबायच्या. मी बायकोला म्हटलं, हिरवं ते उन्हावर जगतं; ऊन तोडलं की खेळ खलास. मोटरीकडचा कोपरा आम्ही पंधरा दिवस काळ्या ताडपत्रीनं झाकला.

त्याच काठावर आम्ही पिकांना घालायचं जीवामृत कालवतो. शेण, गोमूत्र, बेसन आणि भरपूर गूळ. ड्रम विसळलेलं पाणी तळ्यातच सोडायची आमची सवय. त्या पंधरवड्यातही मी ते सोडत होतो. वाया कशाला घालवायचं?

मग मोटरीच्या पाइपाच्या तोंडची जाळी साफ करायची वेळ आली. माझा गुडघा धरलेला, म्हणून बायको तळ्यात उतरणार होती. ताडपत्रीचं टोक उचलून ती थबकली.

"घसरन नाई नं?"

"मेलं ते शेवाळ. उतर बिनधास." मी वाकून पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्याच पावलाला ती घसरून आत गेली. पाणी गळ्यापर्यंत, आणि पोहता आम्हा दोघांनाही येत नाही. ती प्लास्टिकवर पंजे मारून वीतभर वर यायची की पुन्हा खाली. धरायला काहीच नव्हतं, नुसता बुळबुळीत हिरवा थर.

"अवो, पाय ठरून नाई राह्यला! वढा मले!"

माझी पाचावर धारण बसली. ठिबकची नळी उपसून फेकली, पण दोनदा ती भलतीकडेच पडली. मधे तिचं तोंड पाण्याखाली गेलं. तिसऱ्यांदा तिनं नळी मनगटाला गुंडाळली आणि मी बांधावर टाचा रोवून ओढली.

पुढे शेतकी कॉलेजातल्या एका मित्रानं ते शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. हिरव्या शेवाळाच्या काही जाती उन्हावर अन्न करतातच, शिवाय पाण्यात विरघळलेलं गोडही खातात. उजेड कमी पडला तरी त्यांचं भागतं. अंधार मी केला होता, आणि गूळही मीच चारला होता.

घरी येऊन हे सगळं मी तिला उत्साहानं समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमाले हे माहीतच नव्हतं," ती म्हणाली, "तं मंग मले उतर काहून म्हटलं?"