तापली न्हाई

१९७८ च्या हिवाळ्यात पाचगणीच्या एका शाळेच्या सभागृहात चार तरुणांच्या बँडचा कार्यक्रम झाला. तो जसाच्या तसा टेपवर घेतला आणि सहा महिन्यांनी त्याची रेकॉर्ड निघाली. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच एक माणूस म्हणतो, "जरा थांबा, हलगी तापली न्हाई." मग सभागृह हसतं.

तो माणूस मी.

चौघेही त्याच शाळेत शिकलेले, आता मुंबईत राहणारे. त्यांच्या वाजवण्याला हेवी मेटल म्हणतात. विजेच्या गिटारी, खिडक्यांच्या काचा थरथरतील एवढा आवाज. त्यांच्यातल्या गिटारवाल्यानं इस्लामपूरला जयंतीच्या मिरवणुकीत माझी हलगी ऐकली होती. म्हणाला, आमच्याबरोबर वाजवा, बरोबरीनं.

वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, त्यानंतर गावासाठी हलगी वाजवली नाही. मी चुलत्याकडून शिकलो ते फक्त जयंतीपुरतं. पाचगणीचं सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "कुणाच्या दारात वाजवायची न्हाई. तितं तुजं नाव घेणार असतील तर जा. नाव न्हाई घेतलं तर त्ये बी दारच."

मी गेलो.

पाचगणीत धुकं होतं. दमट हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. शेकून ताणल्याशिवाय ती बोलत नाही. सभागृहामागं मी कागद पेटवले. शाळेच्या पहारेकऱ्यानं त्यावर बादली ओतली. इथं जाळ चालत नाही, म्हणाला. तेवढ्यात मला मंचावर बोलावलं. मी गायकाला ते वाक्य सांगितलं. माइक चालू होता. गायकानं माझ्यासारखा आवाज काढून तेच पुन्हा म्हटलं. मुलांनी हसत बाकं बडवली.

अॅम्प्लिफायरच्या मागच्या जाळीतून गरम हवा येत होती. मी हलगी तिथं धरली. पुरेशी तापली तेव्हा वाजवली. नऊ मिनिटं. शेवटी सभागृह उभं राहिलं. नाव कुणी पुकारलं नाही. ते रेकॉर्डवर येईल, असं गिटारवाल्यानं सांगितलं.

रेकॉर्डच्या वेष्टनावर चौघांची नावं होती. टेप घेणाऱ्याचं, फोटो काढणाऱ्याचं, चहा देणाऱ्याचंही होतं. माझं नव्हतं. नऊ मिनिटांतली तीन शिल्लक होती. वाक्य आणि हसणं पूर्ण होतं. मी बँडला पत्र लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं: ते वाक्यच लोकांना सगळ्यात जास्त आवडलंय.

ते खरं होतं. सांगलीत कॉलेजची मुलं स्कूटरला किक मारताना म्हणायची, तापली न्हाई. मी तेव्हा तिथल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. कचेरीतही उशिरा येणाऱ्याला तेच ऐकवायचे. मी मान खाली घालून प्रुफं वाचत असे. चार महिने.

मग ती रेकॉर्ड परीक्षणासाठी कचेरीत आली. उपसंपादकांनी ग्रामोफोन मागवला आणि ते वाक्य तीनदा लावलं. तिसऱ्यांदा हसणं थांबल्यावर मी म्हणालो, "तो आवाज माझा आहे."

"काय सांगता? मग म्हणा की एकदा."

मी म्हटलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं नाही. परीक्षणात हलगीवादकाचं नाव घाला, एवढंच बोललो. वेष्टनावर नसलेलं आपण छापत नाही, असं त्यांनी सांगितलं.

दुपारी रविवारच्या पुरवणीचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. परीक्षणात दोन चुका होत्या. हेवी मेटलचं भाषांतर "जड धातूंची वाद्ये" केलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "सोबत गावठी हलगीचा विनोदी प्रसंग." पहिली चूक दाखवली. उपसंपादकांनी आभार मानले. दुसरी दाखवली. ती चूक नव्हे, मजकूर आहे, म्हणाले. नियम मला पाठ होता. मुद्रितशोधकानं चूक दुरुस्त करायची, मजकुराला हात लावायचा नाही.

टेबलाशी येऊन मी परीक्षणातलं ते शेवटचं वाक्य खोडलं. समासात लिहिलं: हलगी. पुढं माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. प्रूफ घेऊन खाली छापखान्यात गेलो. म्हातारे जुळारी अक्षरांचे खिळे वेचत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"ह्ये कुणाचं नाव रं?"

"माझं."

त्यांनी कागद दिव्याजवळ धरला. "काना-मात्रा बराबर हाय न्हवं? मागनं बोंब नगं."

"बरोबर आहे."

त्यांनी खिळे जुळवले.

रविवारी पुरवणीच्या तिसऱ्या पानावर नाव छापून आलं. छपाईची चूक नव्हती. एक अंक मी वडिलांना टपालानं पाठवला. सोमवारी अकरा वाजता मला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. पोच म्हणून सही मागितली. पत्रात माझ्या नावातली वेलांटी चुकली होती. मी खूण केली, समासात बरोबर अक्षर लिहिलं आणि मग सही केली.