मालगाडी टेलर

आमचे भावोजी शिंपी. फक्त पँटी शिवायचे. शर्टाला हात लावत नसत. कॉलर म्हणजे नसता ताप, असं त्यांचं म्हणणं. दुकान घराच्याच खाली होतं, एका मशीनपुरतं. एका भिंतीवर कापडाचे नमुने आणि बाकी सगळीकडे मालगाड्यांच्या जुन्या इंजिनांचे फोटो. नवं गिऱ्हाईक आलं की आपण चुकून रेल्वेच्या कचेरीत तर शिरलो नाही ना, म्हणून पाटी बघायला पुन्हा बाहेर जाई. गल्लीत त्यांना मालगाडी टेलर म्हणत. एक तर त्या फोटोंमुळे, आणि दुसरं म्हणजे टाकलेली पँट कधी हातात पडेल याचा नेम नसे.

ते गेल्यावर त्यांच्याबद्दल चार ओळी लिही, असं भाचीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, सांगितलं. मला लिहिता येतं असं तिला का वाटतं कोण जाणे. पण त्यांच्याबरोबर उन्हातान्हात रुळाकाठी बसलेला दुसरा कुणी नाही, म्हणून बसलो आहे.

प्रवासी गाड्यांकडे भावोजी ढुंकून पाहत नसत. त्यांच्याकडे बघायला फलाटभर माणसं असतात, मालगाडीकडे कोण बघतं, असं म्हणायचे. फोटोचा त्यांचा नियम एकच होता. इंजिन भरलेली गाडी ओढत असलं पाहिजे, तेही स्वतःच्या जिवावर. उभ्या इंजिनाचा फोटो म्हणजे त्यांच्या लेखी दोरीवर वाळत घातलेली पँट. अंगावर कशी बसते ते त्यातून कळत नाही. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणायची की हा माणूस भर लग्नात माझ्याकडे बघत नव्हता, मी उभी होते म्हणून असेल.

शेवटी शेवटी एकाच इंजिनानं त्यांना घोर लावला होता. लांब नाकाचं जुनं डिझेल. पुढे हे लांबलचक नाक आणि ड्रायव्हरची खोली पार मागे. त्या जातीची बाकी सगळी भंगारात गेली होती, हे एकच उरलं होतं. यार्डात उभं असलेलं त्यांनी कितीदा पाहिलं, दुसऱ्या इंजिनामागे ओढत नेताना पाहिलं. स्वतः भरलेली गाडी ओढताना मात्र कधी मिळालं नाही. आणि आता वेळ उरला नव्हता. ताईच्या गुडघ्यांना जिना सोसत नव्हता. भाचीनं दोघांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं, आणि तिच्या गावात रेल्वेच नव्हती. दुकानाचं शटर खाली आलं, मशीन विकलं गेलं, भिंतीवरचे फोटो खोक्यात गेले. निघायच्या आदल्या दिवशी यार्डात डबे जोडणाऱ्या ओळखीच्या शंटिंगवाल्याचा फोन आला, की म्हातारी आज खडीचे डबे घेऊन चढावरनं जाणार, आणि परत आली की थेट भंगारात.

ताई बांधाबांध करत होती. ती म्हणाली, "जा. तुम्ही इथं थांबलात तरी मनानं तिकडेच असणार, आणि मला मध्ये मध्ये अडथळा." मला म्हणाली, यांच्याबरोबर जा, धडपडले तर उचलायला.

चढ गावाबाहेर होता. दोन्ही बाजूंना झाडं, पानगळीचे दिवस, रुळांवर पानांचा चिकट लगदा झालेला. पोचेपर्यंत आम्हा दोघांनाही दम लागला. भावोजींनी एका उंचवट्यावर स्टँड उभा केला, कॅमेरा लावला, आणि रुमाल पसरून बसले. त्यांचे डोळे अधू झाले होते. मला म्हणाले, "धाकटे, धूर दिसला की सांगा." मला ते कायम धाकटे म्हणत, मी सत्तरी ओलांडली तरी.

धूर दिसला. मग आवाज आला, खोल, दमेकऱ्यासारखा. भावोजी कॅमेऱ्यामागे उभे राहिले. वळणावर ते लांब नाक दिसलं, आणि तिथंच अडलं. चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. मग गाडी उभीच राहिली.

आम्ही खाली उतरून इंजिनापाशी गेलो. ड्रायव्हर वैतागलेला होता. चाक घसरायला लागलं की इंजिनातून रुळावर वाळू सोडतात, त्या वाळूच्या नळ्या तुंबल्या होत्या. फोन करून झाला होता; मागून नवं इंजिन येऊन गाडी वर ढकलणार होतं. भावोजींच्या हातातली कॅमेऱ्याची पिशवी बघून तो म्हणाला, काढा ना फोटो, उभीच आहे, हलणार पण नाही. त्याचा असिस्टंट तर हसून दारात उभा राहिला, केस नीट करून.

भावोजी म्हणाले, "ढकलगाडीचा फोटो नको मला. माती टाकली तर चढेल का ही?"

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. आम्ही काही फार भरवशाचे दिसत नसणार. पण नवं इंजिन येईपर्यंत त्यालाही ताटकळायचंच होतं. एका रुळावर असिस्टंट टाकेल, म्हणाला, दुसऱ्यावर तुम्ही बघा.

भावोजींनी पिशवीतल्या भिंगाच्या डब्या माझ्या खिशात कोंबल्या आणि पिशवीत काठावरची कोरडी माती भरली. पिशवी मी धरायची, रिकामी झाली की भरायची, आणि त्यांनी मुठीनं रुळावर टाकत चाकापुढे चालायचं, असं ठरलं. इंजिन गुरगुरलं. चाक घसरलं, मातीवर आलं, कचकचलं आणि धरलं. गाडी हलली.

माणूस चालतो त्याहून हळू, पण ती चालली होती. भावोजी वाकून माती टाकत होते, मी धापा टाकत पिशवी पुढे करत होतो. इंजिनाचा तापलेला श्वास पाठीवर येत होता. असे आम्ही उंचवट्यापाशी आलो. वर स्टँडवर कॅमेरा तयार होता. दहा पावलं चढून एक बटण दाबायचं, बस. त्यांचा हात थांबला. ते वर बघत राहिले.

चाक लगेच सटकलं. सगळं इंजिन थरथरलं. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "आजोबा, आत्ता सोडू नका. इथं थांबली तर पुन्हा उठायची नाही."

मी म्हणालो, "भावोजी, तुम्ही जा वर, मी टाकतो." पण पिशवी धरून मातीही टाकायची हे माझ्यानं झालं नसतं, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी पिशवीत हात घातला. "चला, धाकटे," एवढंच म्हणाले आणि खाली वाकले.

चढाच्या माथ्यापर्यंत आम्ही गेलो. तिथं इंजिनानं वेग धरला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, डबे एकामागून एक आमच्यासमोरून गेले आणि पलीकडे उतरले. भावोजी खडीवरच बसले. मीही बसलो.  श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग आम्ही परत येऊन स्टँड मिटला.

घरी ताई खोक्यांच्या मधोमध बसली होती. आमचे कपडे आणि हात बघून तिनं कपाळाला हात लावला. विचारलं, "मिळाला का एकदाचा फोटो?"

भावोजी म्हणाले, "चढवली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला काय झालं ते सांगायला लागलो, पण ते मला धड सांगता येईना. भावोजी उघड्या गादीवर आडवे झाले. ताईनं खोक्यातून तेलाची बाटली शोधून काढली आणि त्यांचा खांदा चोळायला बसली. चोळता चोळता तिचं चाललं होतं, की उभ्या जन्मात घरातला पाण्याचा हंडा कधी उचलला नाही आणि आज मालगाडी चढवून आले, उद्या हे सामान आता कोण उतरवणार खाली.

 भावोजींना झोप लागली होती. ती मात्र खांदा चोळतच राहिली.